लग्नाच्या व्हिडिओंसाठी कलर करेक्शनचे कोणते साधन निवडावे?

आपण लग्नसमारंभांचे चित्रीकरण करता, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे वापरता आणि सध्या प्रीमियर प्रो मध्ये संकलन करता. आता रंगांच्या कामासाठी दा विंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर शिकावे, एखादे प्लग-इन (संकलनाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे जादा साधन) विकत घ्यावे, की बाजारात मिळणारा ‘लट’ फाइल्सचा (एलयूटी, म्हणजे रंग बदलण्याचे तयार तक्ते) संच घ्यावा, असा आपला प्रश्न आहे. मी स्वतः याच प्रकारच्या कामाचे कलर करेक्शन (चित्रातील रंग आणि उजेड सुधारण्याचे काम) करतो, म्हणून आधी निष्कर्ष सांगतो: लटचा संच घेऊ नये, प्लग-इनवर इतक्यात खर्च करू नये, आणि रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आपल्याच चित्रीकरणातील सर्वांत अवघड शॉट्सवर चालवून पाहावी. कोणत्या साधनात किती सुविधा आहेत यापेक्षा आपला सर्वांत वाईट प्रकाशातला शॉट त्यात सावरतो का, यावरच निवड ठरायला हवी.

लग्नात असे शॉट्स शोधावे लागत नाहीत. हळदीच्या कार्यक्रमाचेच पाहा. वर पिवळ्या कापडाचा मांडव, अंगावर पिवळे कपडे, चेहऱ्याला हळद, आणि कापडातून गाळून आलेला पिवळसर उजेड सगळ्यांवर पडलेला. कोणत्याही सॉफ्टवेअरमधील ‘ऑटो’ बटण हा पिवळा रंग दोष समजून दृश्य निळ्याकडे ढकलण्याचा संभव असतो, आणि मग हळद मातकट दिसू लागते. इथे व्हेक्टरस्कोप, म्हणजे चित्रातील रंगछटा आणि त्यांची तीव्रता वर्तुळात दाखवणारा आलेख, लागतो. त्यावर लाल आणि पिवळा यांच्या मधून जाणारी त्वचेच्या रंगाची एक रेषा असते, आणि नेहमीच्या उजेडात माणूस गोरा असो, सावळा असो वा काळा, त्याच्या त्वचेचा आलेख साधारणपणे त्याच रेषेच्या आसपास पडतो, कारण माणसामाणसांत फरक पडतो तो मुख्यतः उजळपणाचा, रंगछटेचा फार थोडा. हळद लावलेला चेहरा मात्र त्या रेषेपासून पिवळ्याकडे सरकलेला असणारच, आणि तो तसाच ठेवावा. मी अशा वेळी हळद न लागलेला एखादा हात किंवा कपाळ निवडतो, तेवढाच भाग मास्कने (त्याभोवती आखलेल्या सीमेने) वेगळा करून स्कोपवर पाहतो, आणि तो रेषेवर आला की बाकीचे दृश्य आपोआप बरेचसे जागेवर येते. म्हणून ज्या साधनात वेव्हफॉर्म (उजळपणाचा आलेख), परेड (लाल, हिरवा आणि निळा या चॅनलचे वेगवेगळे आलेख) आणि व्हेक्टरस्कोप हे तिन्ही स्कोप नाहीत, ते कितीही सोपे असले तरी या कामासाठी विचारात घेऊ नये.

त्वचेचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट आग्रहाने सांगतो. नवरा-नवरीला ‘उजळ’ करण्यासाठी चेहऱ्याचा रंग धुवून काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे, आणि काही साधनांत त्यासाठी तयार स्लायडरही असतात. अशा स्लायडरला भुलून साधन निवडू नये. नवरी सावळी असेल तर ती चित्रात सावळी आणि तजेलदार दिसली पाहिजे. कलर करेक्शनचे काम तेच आहे.

दुसरा अवघड शॉट म्हणजे रिसेप्शनचा रंगमंच. तिथल्या निळ्या आणि जांभळ्या एलईडी दिव्यांमुळे निळा चॅनल बहुधा वरच्या टोकाला जाऊन चिकटतो, आणि परेडवर तो सपाट कापल्यासारखा दिसतो. जो तपशील चित्रित झालाच नाही, तो कोणतेही साधन परत आणू शकत नाही. फार तर तो रंग निवडून त्याची तीव्रता कमी करता येते. ही निवड प्रीमियरच्या लुमेट्री या रंगकामाच्या पॅनलमधील एचएसएल सेकंडरी (ठरावीक रंग निवडून बदलण्याच्या) विभागातही करता येते. मात्र चेहरा हलत असेल आणि त्याच्यावरचा मास्क त्याच्याबरोबर हलवायचा असेल, तर रिझॉल्व्हचा ट्रॅकर माझ्या अनुभवात कितीतरी जलद आणि भरवशाचा आहे. यामागे इतिहास आहे. दा विंची ही मुळात रंगकामासाठीचीच, मोठ्या स्टुडिओंनाच परवडेल अशी महागडी यंत्रणा होती. ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी 2009 मध्ये विकत घेतली, पुढे मोफत आवृत्ती आली, आणि संकलनाच्या सुविधा त्यानंतर वाढत गेल्या.

दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवण्याच्या आपल्या अडचणीवरही रिझॉल्व्हमध्ये चांगला उपाय आहे. प्रत्येक कॅमेऱ्याच्या शॉट्सचा एक ग्रुप करावा, त्या कॅमेऱ्याला लागणारी मूळ दुरुस्ती ग्रुपच्या ‘प्री-क्लिप’ (प्रत्येक शॉटच्या दुरुस्तीआधी लागू होणाऱ्या) पातळीवर एकदाच करावी, आणि नंतर प्रत्येक शॉटमध्ये फक्त किरकोळ फरक करावेत. मूळ दुरुस्ती बदलावीशी वाटली तर एकाच ठिकाणी बदलते, आणि मंगलाष्टकांच्या वेळी सतत एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या दृश्यांत हा फायदा लगेच जाणवतो.

लटबद्दल माझा आक्षेप तांत्रिक आहे. लट म्हणजे ‘हा रंग आला की तो रंग द्या’ असा एक तक्ता. नेहमीच्या 33 बिंदूंच्या लटमध्ये अशा 35,937 (33 × 33 × 33) नोंदी असतात. शॉटमध्ये काय आहे, प्रकाश कमी आहे की जास्त, व्हाइट बॅलन्स चुकला आहे का, यातले त्याला काहीही कळत नाही. कॅमेऱ्याच्या लॉग चित्रणाचे (जास्त तपशील टिकवण्यासाठी फिके ठेवलेल्या चित्रणाचे) रेक. 709 मध्ये, म्हणजे नेहमीच्या टीव्हीच्या रंगमानकात, रूपांतर करणारी लट उपयोगी असते, आणि अशा लट अनेक कॅमेरा कंपन्या स्वतःच मोफत देतात. ‘सिनेमॅटिक’ नावाने विकले जाणारे संच मात्र दुसऱ्या कोणाच्या प्रकाशात, दुसऱ्या कोणाच्या कॅमेऱ्यावर बेतलेले असतात. शालूचा लाल रंग त्यात विटकरी होतो आणि मग दिवसभर तो परत आणण्यात जातो.

आपला कॅमेरा 8 बिटमध्ये चित्रण करत असेल तर लॉग टाळावे, असे मी सुचवीन. 8 बिटमध्ये प्रत्येक चॅनलला 256 पायऱ्या मिळतात, 10 बिटमध्ये 1024. कमी पायऱ्यांचे लॉग चित्र ताणले की आकाशात आणि भिंतींवर पट्टे उमटतात, आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये पूर्णपणे जात नाहीत. शटरचेही तसेच आहे. भारतातील वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे शटर 1/50 किंवा 1/100 ठेवले तर बहुतेक दिव्यांचे लुकलुकणे मुळातच टळते.

संगणकाचा विचार निवडीआधीच करावा. रिझॉल्व्हचा मोठा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो, आणि साध्या लॅपटॉपवर ते अडखळते. विंडोजवर मोफत आवृत्तीत काही कॅमेऱ्यांच्या 10 बिट 4:2:2 (रंगांची माहिती जास्त ठेवणाऱ्या) फाइल्स उघडत नाहीत, म्हणून शिकण्यात वेळ घालण्यापूर्वी आपल्या दोन्ही कॅमेऱ्यांची एकेक फाइल त्यात टाकून पाहावी. यंत्र जुने असेल तर प्रीमियरमध्येच राहावे. लुमेट्रीत तिन्ही स्कोप, तसेच कर्व्ह आणि कलर व्हील ही रंग बदलण्याची साधने आहेत, आणि लग्नाच्या बहुतेक शॉट्सना तेवढे पुरते. मॅकवर काम करणाऱ्यांना फायनल कट प्रो मध्येही 2017 च्या 10.4 आवृत्तीपासून कलर व्हील आणि कर्व्ह मिळतात. एकही पैसा खर्च करायचा नसेल तर केडेनलाइव्ह या मोफत संकलन सॉफ्टवेअरमध्येही स्कोप आहेत.

प्लग-इनसाठी बाजूला ठेवलेले पैसे मी मॉनिटर आणि कॅलिब्रेटरवर (पडद्याचे रंग अचूक करणाऱ्या उपकरणावर) खर्च करीन. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘45 टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवतो याचे माप) असे लिहिलेले आढळते. असा पडदा एसआरजीबी या संगणक-मोबाइलच्या नेहमीच्या रंगमानकातील सुमारे दोन-तृतीयांशही रंग दाखवत नाही, आणि त्यावर पाहून वाढवलेला लाल रंग ग्राहकाच्या मोबाइलवर भडक दिसतो. एसआरजीबी पूर्ण दाखवणारा आयपीएस (बाजूने पाहतानाही रंग फारसे न बदलणारा) मॉनिटर घ्यावा आणि संगणकाचा नाइट लाइट (पडदा पिवळसर करणारी सोय) बंद ठेवावा.

प्रीमियर सोडण्याची मात्र गरज नाही. चार तासांची संपूर्ण लग्नाची फिल्म एक्सएमएलने (संकलनाचा आराखडा दुसऱ्या सॉफ्टवेअरला देणाऱ्या फाइलने) रिझॉल्व्हमध्ये नेऊ नये. वेग बदललेले शॉट्स आणि ट्रान्झिशन त्या प्रवासात बिघडतात आणि ते दुरुस्त करण्यात रंगकामापेक्षा जास्त वेळ जातो. ती लुमेट्रीतच पूर्ण करावी, आणि चार-पाच मिनिटांची हायलाइट, जी लोक पुन्हा पुन्हा पाहतात, तेवढीच रिझॉल्व्हमध्ये न्यावी. मोफत आवृत्तीतून अल्ट्रा एचडीपर्यंत, सेकंदाला 60 फ्रेमपर्यंत फाइल काढता येते, जी या कामाला पुरेशी आहे. रात्रीच्या वरातीचे दाणेदार चित्रण स्वच्छ करणारे नॉइज रिडक्शन मात्र फक्त रिझॉल्व्हच्या सशुल्क स्टुडिओ आवृत्तीत आहे. तिची किंमत अनेक वर्षे 295 डॉलर राहिली आहे आणि ती एकदाच भरावी लागते; वराती आणि रात्रीचे कार्यक्रम आपल्याकडे नियमित येत असतील तर तेवढ्यासाठी ती घेणे योग्य ठरेल.