लष्करी तयारीत स्पर्धेतील ज्युदोचे स्थान

प्रश्न : सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी ज्युदो शिकवतो. स्पर्धेतील डाव प्रत्यक्ष लढाईत निरुपयोगी ठरतात, म्हणून त्याऐवजी डोळे, घसा व सांधे यांवरील आघात शिकवावेत, असा काही पालकांचा आग्रह आहे. मी काय करावे?
– एक प्रशिक्षक, शिरपूर (जि. धुळे)

उत्तर : ज्युदो बंद करू नका. पालकांची शंका रास्त आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय आम्हाला मान्य नाही.

डोळ्यांवरील आघाताचा सराव सोबत्यावर पूर्ण ताकदीने करता येत नाही; हात मध्येच थांबवावा लागतो आणि समोरचाही मुकाट्याने उभा राहतो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये ज्युदोची स्थापना केली, तेव्हा घातक डाव मोकळ्या सरावातून वगळून ठरावीक क्रमाच्या ‘काता’पुरते ठेवले. त्यामुळे उरलेले डाव, निकराने विरोध करणाऱ्या माणसावर, रोज आणि जोर लावून घोटणे शक्य झाले. दमछाक झालेली असताना, पकड सुटत असताना, डोके शांत ठेवण्याची सवय अशा झटापटीतूनच लागते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना निःशस्त्र लढाई शिकवणारे विल्यम फेअरबेर्न ज्युदो शिकलेले होते, तर इस्रायली सैन्यासाठी क्राव्ह मागा ही हातघाईच्या लढाईची पद्धत घडवणारे इमी लिख्टेनफेल्ड हे स्वतः कुस्तीगीर व मुष्टियोद्धे होते, हे पालकांना अवश्य सांगा.

मात्र स्पर्धेचे नियम अंगात मुरतात, आणि धोका तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय ज्युदोत पाय धरण्यावर २०१० पासून निर्बंध आले आणि २०१३ पासून ते पूर्ण बंद झाले. त्यामुळे पटात शिरणाऱ्याला, म्हणजे पाय धरून पाडू पाहणाऱ्याला, कसे रोखावे, हे केवळ स्पर्धेसाठी तयार झालेल्या खेळाडूला ठाऊक नसते. ऑलिंपिक तायक्वांदोत डोक्यावर ठोसा मारता येत नाही, म्हणून तिथे हात खाली राहतात. कुस्तीत चितपट टाळण्यासाठी मल्ल पालथा पडून राहतो. पंच असलेल्या आखाड्यात ते शहाणपणाचे असले, तरी भोवती तीन-चार शत्रू असलेल्या जवानासाठी ते जीवघेणे आहे.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करू नये, असा भारत-चीन करार १९९६ साली झाला होता. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात दोन्ही बाजूंचे सैनिक दगड, दांडके आणि हातघाईने लढले व आपले वीस जवान हुतात्मा झाले. अशा ठिकाणी उंचीवरची विरळ हवा, अंगावरचे जाड कपडे, पायांतले जड बूट आणि निसरडा उतार यांच्यासह लढावे लागते; तिथे डोक्याच्या उंचीची लाथ मारू पाहणारा स्वतःच तोल गमावतो.

म्हणून आहे त्या सरावात भर घाला. आठवड्यातून एक-दोन दिवस मुलांना जवळच्या तालमीत न्या आणि वस्तादांना एकेरी व दुहेरी पट शिकवण्याची विनंती करा. चाळीसगाव तालुक्याने विजय चौधरी यांच्यासारखा सलग तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, पुढे पोलीस दलात अधिकारी झालेला मल्ल दिला आहे. खानदेशात ही विद्या शोधायला लांब जावे लागणार नाही. त्याबरोबर पाठीवर ओझे आणि पायांत बूट घालून झटापट, एकावर दोघे, खाली पडताच उठून उभे राहणे, तसेच हातातील लाकडी रायफल हिसकावू न देणे, हे प्रकार घ्या. हा शेवटचा सराव सर्वांत महत्त्वाचा, कारण सैनिक सहसा निःशस्त्र नसतो, आणि साथीदार पोहोचेपर्यंत शस्त्र न सोडता पायांवर उभे राहणे हेच त्याचे पहिले काम असते. घातक आघात सज्ञान आणि स्थिरबुद्धी मुलांनाच, तेही शेवटी दाखवावेत. ती संथा सैन्यात भरती झाल्यावर मिळतेच.

एक व्यावहारिक सूचना. भरतीच्या मैदानावर कोणी झुंज लावत नाही, तिथे १.६ किलोमीटरची धाव आणि बीमवरील पुलअप्स पाहिले जातात. ज्युदोचा नवा सराव वाढवताना पहाटेच्या धावण्याचा वेळ कमी करू नका.