निळा द्राव पुन्हा लाल का होत नाही?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आम्ही सायट्रेट वापरून सोन्याचे नॅनोकण केले. द्राव माणकासारखा लाल होता. मीठ टाकताच निळा पडला. मीठ विरळ व्हावं म्हणून दहापट डिस्टिल्ड वॉटर घातलं, तरी लाली परतली नाही. असं का?
– एक विद्यार्थी, पंचवटी, नाशिक

उत्तर : पाणी घालून पाहिलंत, हे मला फार आवडलं. मिठाने लाल द्राव निळा पडतो हे फॅरेडेने 1857 मध्येच नोंदवलं होतं. तुमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

माझे वडील जुन्या नाशकात तांबटकाम करायचे. घंगाळाला ठोके घालता घालता पत्रा कडक होई, मग पुन्हा भट्टीत तापवावा लागे. एवढे ठोके धातूत जातात कुठे, हे कोडं मला तेव्हापासूनचं. बहुतेक काम उष्णतेत जातं, थोडं धातूच्या रचनेत अडकून राहतं. नवा पृष्ठभाग उघडायलाही काम लागतं : पृष्ठऊर्जा (एक चौरस मीटर पृष्ठभाग उघडायला लागणारी ऊर्जा) गुणिले वाढलेलं क्षेत्रफळ.

सोन्यात आतल्या अणूला 12 शेजारी असतात, सपाट पृष्ठभागावरच्याला फार तर 9. शेजार तुटण्याची ही किंमत चौरस मीटरला साधारण दीड जूल, म्हणजे किरकोळच. पण 1 सेंटिमीटरचा घन कापून 1 नॅनोमीटरचे घन केले, तर 6 चौरस सेंटिमीटरचे 6000 चौरस मीटर होतात. जवळपास दीड एकर द्राक्षबाग! हिशेब 9000 जूलवर जातो. तेवढ्यात 100 मिली पाणी 21 अंशांनी तापेल.

तुमच्या बीकरमध्ये हातोडी नव्हती. हे काम अभिक्रियेने केलं : सायट्रेटने सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन दिले आणि त्यात मोकळ्या झालेल्या ऊर्जेतून पृष्ठभागाची किंमत भागली. वर प्रत्येक कणाभोवती सायट्रेटच्या ऋणभाराचं कुंपण आलं. मिठाने ते आखूड केलं, कण भिडले, रंग निळा झाला. धातूला धातू चिकटला तिथला पृष्ठभागच नाहीसा झाला आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात विरली. पाणी वाढवल्यावर कुंपण पुन्हा पसरतं, हे खरं. पण चिकटलेले कण सोडवायचे तर नाहीसा झालेला पृष्ठभाग नव्याने उघडावा लागेल, आणि ते काम नुसतं पाणी करत नाही.

पुढच्या वेळी मिठाआधी लाल द्रावात जिलेटिनच्या पातळ द्रावणाचे थोडे थेंब घाला आणि रंग किती वेळ टिकतो ते मला कळवा.