कुडाळची ऑर्डर आली, आता आम्ही काय करायचं?

आदरणीय ताई,

माझी पत्नी स्पर्धा परीक्षेतून नायब तहसीलदार झाली. कोकण महसूल विभाग मिळाला आणि नेमणूक निघाली कुडाळची, जिल्हा सिंधुदुर्ग. चार वर्षं ती पहाटे चारला उठून अभ्यास करत होती, त्यामुळे आनंद खूप आहे. पण ऑर्डर हातात आल्यापासून घरात दुसरा विषयच नाही.

मी ३५ वर्षांचा, पुण्यात एका खासगी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. वारज्यात छोटा फ्लॅट आहे, महिन्याचा हप्ता २३ हजार. मुलगी सहा वर्षांची, जूनमध्ये पहिलीत जाईल. मुलगा अडीच वर्षांचा. सर्दी झाली की त्याची छाती घरघरते, पंप द्यावा लागतो. कंपनी मला आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात बोलावते. साहेब तोंडी म्हणालेत, “कर घरून, बघू.” आई म्हणते, सुनेनं धाकट्याला घेऊन जावं, थोरलीला आपण इथं सांभाळू, दोन-तीन वर्षांत पुण्याला बदली होईल.

आम्हा दोघांना मात्र वाटतं की मोकळी हवा, जवळ समुद्र, संध्याकाळी सहाला घरी असलेली आई, हे मुलांना मिळावं. सगळ्यांनी जावं की वाटून राहावं?

– एक वाचक, वारजे, पुणे

उत्तर :

तुमच्या पत्रात घराचा हप्ता आला, मुलीची शाळा आली, मुलाचा पंप आला. तुमचा स्वतःचा दिवस कुठंच आला नाही. मी तिथूनच सुरुवात करते, कारण आमच्या घरात नेमकी तीच गोष्ट मोजायची राहून गेली होती.

१९९४ साली मी नायब तहसीलदार म्हणून देवरुखला रुजू झाले. तोवर आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. माझे यजमान गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. माझी नोकरी कायमची, म्हणून त्यांनी त्यांची सोडली. हा निर्णय आम्ही एका रात्रीत, चहा पिता पिता घेतला. मला जाताच कचेरी मिळाली, खुर्ची मिळाली, नावानं हाक मारणारी माणसं मिळाली. त्यांना मिळालं एकच नाव, “मॅडमचे मिस्टर”. दुकानदार, शेजारी, मुलीच्या बाई, सगळे तेच म्हणायचे, आणि म्हणायचे आदरानंच. पहिल्या पावसाळ्यात ते पडवीत बसून कालचाच पेपर पुन्हा वाचत राहायचे. दाढी दोन-दोन दिवस तशीच. मला दिसत होतं, पण पंचनाम्यांच्या गडबडीत मी बोलले नाही. एका रात्री मी साडेनऊला घरी आले तेव्हा ताट वाढता वाढता ते म्हणाले, “मी इथं कुणाचा कोण?” मला उत्तर देता आलं नाही.

पुढं त्यांनी गावातल्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून द्यायला सुरुवात केली. सुई, दोरा, खळ, पुठ्ठा. महिन्याचे शंभर-दीडशे रुपये मिळत असतील. पण सकाळी दहाला त्यांना जायला एक जागा झाली आणि आमचं घर सावरलं.

म्हणून माझं मत सांगते : सगळ्यांनी जा. पण तुमचं काम पक्कं केल्याशिवाय जाऊ नका. “बघू” हा शब्द घेऊन बिऱ्हाड हलवायचं नसतं. साहेब उद्या बदलतील, तेव्हा तुमच्याकडं कागद हवा. घरून काम करायला किती काळासाठी परवानगी आहे आणि पुण्याला महिन्यातून किती वेळा यावं लागेल, एवढं कंपनीकडून लेखी घ्या. ते मिळालं की एक शुक्रवार सुट्टी न घेता कुडाळला जा आणि जे घर पसंत पडलं असेल तिथं लॅपटॉप उघडून पूर्ण दिवस काम करून बघा. पावसात वीज जाते, कधी तासांसाठी तर कधी दिवसभर. इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट हा तुमच्या घरखर्चाचा भाग समजा.

आईंचा बेत मायेपोटी आहे, पण त्यात एक गैरसमज आहे. नायब तहसीलदाराचं पद महसूल विभागाच्या पातळीवरचं. कोकण विभाग म्हणजे मुंबईचे दोन जिल्हे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. एका जागी सर्वसाधारणपणे तीन वर्षं, आणि नंतरची बदली याच सात जिल्ह्यांत. पुणे हा वेगळा विभाग. म्हणजे आज घर वाटलंत तर ते पुन्हा एकत्र कधी येईल याची तारीख कुणी देऊ शकणार नाही. सहा वर्षांच्या मुलीला “आई लवकरच येईल” असं किती वर्षं सांगणार? माझ्या ओळखीत अशी वाटून राहिलेली घरं आहेत. त्यांतली मुलं शिकली, मोठी झाली, पण आईकडं पाहुण्यासारखी जात राहिली. ते बघून मला फार वाईट वाटतं.

आता संध्याकाळी सहाचं. सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि वेळ पावणेदहा ते सव्वासहा. महसूल खात्यात हे भिंतीवरच्या पाटीवर राहतं. निवडणूक लागली की रविवार नाही. अतिवृष्टी झाली की पंचनामे. वाळूच्या गाड्या धरायच्या तर रात्री निघावं लागतं. त्यात पहिल्या दोन वर्षांत प्रशिक्षण आणि विभागीय परीक्षा. महिला कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण सुरुवातीलाच तिच्यावर भिस्त ठेवू नका. मुलांना वेळ मिळेल, पण तो बहुतेक तुमचा मिळेल. हे तुम्ही मनापासून स्वीकारत असाल तर कुडाळसारखी जागा नाही. दुपारी दोन मिनिटांत शाळेत पोहोचणारा बाप पुण्यात किती मुलांना मिळतो?

पैशांचं थोडक्यात. तिचं मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. पुण्यात घरभाडे भत्ता ज्या दरानं मिळतो त्याच्या एक तृतीयांश दर कुडाळला, आणि सरकारी निवासस्थान मिळालं तर तोही नाही. वारज्याचा फ्लॅट भाड्यानं द्या. भाड्यातून हप्ता पूर्ण निघणार नाही, वरचे किती भरावे लागतील ते आधीच लिहून काढा. विकू मात्र नका, निदान पहिली तीन वर्षं.

धाकट्याच्या छातीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. कोकणाची हवा मोकळी आहे तशीच ओलीही आहे. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, गादीला वास येतो, भिंतीला बुरशी धरते, आणि घरघरणाऱ्या छातीला बुरशी वाईट. मे महिन्यात प्रत्येक घर कोरडं आणि देखणं दिसतं. तुम्ही कपाट सरकवून मागची भिंत बघा. जमिनीलगत रंगाचे पोपडे सुटलेत का, काळे डाग आहेत का ते पाहा. झाडांच्या गर्द सावलीतलं कौलारू चिऱ्याचं घर कितीही आवडलं तरी या मुलासाठी नको. पहिल्या मजल्यावरचं, वर पत्रे घातलेलं, सकाळचं ऊन येणारं घर घ्या. निघण्याआधी आत्ताच्या डॉक्टरांकडून औषधांचा आणि पंपाचा लेखी तक्ता घ्या. कुडाळला पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात, मुलगा बरा असतानाच, तिथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवून ठेवा. मोठं दुखणं निघालं तर तिथली माणसं गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. तो रस्ता एकदा स्वतः गाडीनं जाऊन बघा, म्हणजे रात्री वेळ आली तर चाचपडावं लागणार नाही.

शाळेची चिंता सोडा. कोकण मंडळ दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येतं, शिकवणारी माणसं तिथं आहेत. मुलगी पहिलीतच जाते आहे, यापेक्षा सोपी वेळ येणार नाही. सहा महिन्यांत ती “कुठं”ला “खंय” म्हणायला लागेल, तिला टोकू नका.

एक गोष्ट तुमच्यासाठी, आणि ही मी नायब तहसीलदार म्हणून राबलेली बाई म्हणून सांगते. पहिल्या वर्षातच कुणीतरी प्रेमानं सांगेल, “साहेब, दहा गुंठे आहेत, नारळाची चार झाडं आहेत, घेऊन टाका.” थांबा. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. शिवाय वर्तणूक नियमांप्रमाणे कुटुंबाच्या नावावरची स्थावर मालमत्ता तिनं शासनाला कळवायची असते, आणि घरातल्या कुणी धंदा केला तर तोही. जमिनीची दलाली, वाळू, चिरेखाण, बांधकाम यांच्या आसपासही फिरू नका, भागीदार म्हणून नाही आणि मित्र म्हणूनही नाही. तिनं चार वर्षं पहाटे चारला उठून जे मिळवलं, ते अशा एका सहीनं जाऊ शकतं.

आईंना मागं ठेवू नका आणि ओढूनही नेऊ नका. पहिल्या पावसाळ्याचे दोन महिने त्या आल्या तर धाकट्याला ओळखीची मांडी मिळेल आणि तुमच्या कामाच्या वेळा सांभाळल्या जातील. पुढचं त्यांनाच ठरवू द्या.

पत्नीनं आधी एकटीनं रुजू व्हावं आणि भाड्याची खोली घेऊन राहावं. मुलीची वार्षिक परीक्षा झाली की दाखला काढून मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत सामान न्या. जूनमध्ये घाटात दरड आली की टेम्पो दोन दिवस अडकतो आणि गाद्या भिजतात, आमच्या भिजल्या होत्या. आणि कंपनीचं पत्र हातात येईपर्यंत टेम्पोवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.