ते हसू चिकटवलेलं असतं का?

प्रश्न: नातू सुटीत आला की टीव्हीवर झाकिर खानचे कार्यक्रम लावतो. मुलगा आपल्या इंदूरचा, म्हणून मीही बसते. पण लोक दर वाक्याला इतके कसे हसतात? हे हसू मागाहून चिकटवतात का? यजमान म्हणतात, सगळं खोटं.
– एक वाचक, रामबाग

ताई, यजमानांना अर्धे गुण. हसू खरंच असतं, पण बहुतेकदा एका खेळाचं नसतं. एकट्यानं उभं राहून हसवणारी ही स्टँडअपवाली मंडळी ज्याला ‘स्पेशल’ म्हणतात, तो तासाभराचा कार्यक्रम सहसा त्याच रंगमंचावर, त्याच कपड्यांत दोनदा करून चित्रित करतात. प्रेक्षकांचं हसू टिपायला वेगळे माइक असतात. मग दोन्हींतलं रंगलेलं तेवढं जोडतात. पुढच्या वेळी विनोद ऐकू नका, स्टुलावरच्या पाण्याकडे बघा. अर्धी झालेली बाटली पुढच्याच वाक्याला भरलेली दिसते कधी कधी. एकदा मला दुमडलेली बाही मध्येच उतरलेली सापडली. आता माझ्या शेजारी बसून हे कार्यक्रम बघायला घरात कुणी तयार नाही.

हास्यकलाकार वीर दासनं तर २०१७च्या ‘अब्रॉड अंडरस्टँडिंग’ या स्पेशलमध्ये हा सांधा उघड मिरवला. एक वाक्य न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबात, पुढचं दिल्लीच्या भरगच्च स्टेडियममध्ये!

पण दर वाक्याला हसू येतं त्याचं खरं कारण संकलन नव्हे. पलासियाजवळच्या एका कॅफेत मी भाचीबरोबर ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनी विनोद आजमावायच्या कार्यक्रमाला, गेले होते. वीसेक खुर्च्या, प्रत्येकाला पाच मिनिटं, वेळ संपत आली की मागून मोबाइलचा दिवा. एक मुलगा म्हणाला, “सुबह कचरागाडी का गाना बजता है, पापा मुझे उठाते हैं, क्योंकि उनको मैं कचरा ही लगता हूँ, और पूछते हैं, तू गीला है कि सूखा?” कुणी हसलं नाही. त्यानं तिथंच मोबाइलमध्ये काहीतरी खोडलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच किस्सा. मधलं ‘कचरा ही लगता हूँ’ गेलं होतं. कॅफे खदखदला. असं एकेक वाक्य तासून तास भरतो. झाकिरनं कॉमेडी सेंट्रल वाहिनीची स्पर्धा जिंकली २०१२ मध्ये, आणि त्याचं ‘हक से सिंगल’ हे स्पेशल आलं २०१७ मध्ये. मध्ये पाच वर्षं!

यजमानांना झाकिरचं ‘तथास्तु’ हे स्पेशल दाखवा. त्यात तो आपल्या आजोबांबद्दल, सारंगीवादक उस्ताद मोईनुद्दीन खाँ यांच्याबद्दल बोलतो, तेव्हा सभागृह गप्प होतं. चिकटवायचंच असतं तर तिथं सोय होती.

प्रश्न: मला स्टँडअप करायचाय. इंदूरला मराठीत चालेल का?
– एक विद्यार्थी, सुदामा नगर

चालेल, पण पुण्याची मराठी उसनी आणू नकोस. तू घरात ‘भिया’ म्हणत आईकडे पोहे मागतोस ना, तीच बोल. मराठी स्टँडअप कसा असतो ते यूट्यूबवर ‘भाडिपा’ या मराठी वाहिनीच्या मंडळींकडे पाहून घे. आधी पाच मिनिटं लिही, तास नको. आणि ओला-सुका वापरू नकोस, त्याला मालक आहे.