तो सुटला का?

पत्र: ताई, वकिलीत पाच वर्षं झाली. एका सीनियरकडे कंपन्यांचे दिवाणी दावे बघते, पैसे बरे मिळतात. दोन महिन्यांपूर्वी विधी सेवा शिबिरासाठी कारागृहात गेले होते. तिथे एक कच्चा कैदी भेटला. जामीन मंजूर होऊन सात आठवडे झाले होते, पण जामीनदार नाही म्हणून आतच. तेव्हापासून कामात मन लागत नाही. सगळं सोडून गरिबांचे खटले लढवावेत असं वाटतं. वडील म्हणतात, हे चार दिवसांचं खूळ आहे. ही खरी ओढ की नुसती अपराधी भावना, कसं ओळखू?

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं. स्वतःच्या मनाबद्दल तू भरभरून लिहिलंस, पण तो माणूस सुटला की नाही, ते कुठेच नाही. रागावून म्हणत नाही गं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल असं मला वाटतं, म्हणून विचारते.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी नेमके अशाच कैद्यांसाठी निर्देश दिले आहेत. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. कागदावर सोय आहे. पण कुणीतरी त्याची फाईल शोधून, जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडावं असा अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. आधी त्याला वकील आहे का ते बघ. असेल तर त्यांच्याशी बोल, त्यांना डावलून काही करू नकोस. नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना भेट.

नोकरी आत्ता सोडू नकोस. प्राधिकरणाच्या पॅनलवर, म्हणजे मोफत खटले चालवणाऱ्या वकिलांच्या यादीत, नाव घालायला तीन वर्षांची वकिली लागते, तुझी पाच झाली आहेत. अर्ज कर, दोन-तीन फौजदारी प्रकरणं घे आणि शेवटपर्यंत ने. कारागृहात तू त्या माणसाचा चेहरा पाहिलास. आता त्याच्या मागचं काम बघ. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, पण त्याचे नातेवाईक तुला ‘फुकटातला वकील’ समजतील आणि तुझ्यासमोरच दुसऱ्याचा सल्ला घेतील. पक्षकार सांगेल त्यातलं बरंचसं खरं नसेल. काहींनी तो गुन्हा खरोखर केलेला असेल, आणि तरीही त्यांच्या बाजूने तुला मन लावून उलटतपासणी घ्यावी लागेल. साक्षीदार आला नाही म्हणून पुढची तारीख, आरोपीला हजर केलं नाही म्हणून पुन्हा तारीख. असं वर्षभर झाल्यावरही कारागृहातून आलेली चिठ्ठी तू आधी उघडत असलीस, तर वडिलांशी बोलायला तुझ्याकडे काहीतरी ठोस असेल.

मला या बाबतीत चवदार तळ्याचं प्रकरण नेहमी आठवतं. सत्याग्रह मार्च १९२७चा. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लागला त्याच वर्षी डिसेंबरात, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ला. आपल्या सगळ्यांना सत्याग्रह ठाऊक असतो. पण ते पाणी कायद्यानेही सगळ्यांचं ठरावं म्हणून मध्ये नऊ वर्षांहून जास्त काळ साक्षी, जुने कागद आणि अपिलं चालली. तुला ओढ वाटते आहे ती या मधल्या वर्षांची आहे का, एवढंच स्वतःला विचार.

अपराधी वाटणं मला कमी दर्जाचं वाटत नाही. बरीच चांगली कामं तिथूनच सुरू झाली आहेत. मात्र एकट्या त्या भावनेवर रोज सकाळी कोर्टात जाता येत नाही.

वडिलांची काळजी खोटी नाही. पॅनलची फी थोडी असते. पूर्णवेळ करायचं असेल तर प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात, म्हणजे आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या पूर्णवेळ वकिलांच्या कार्यालयात, जागा निघतात. तिथे दरमहा मानधन असतं, खासगी वकिली बंद करावी लागते आणि नेमणूक सुरुवातीला दोन वर्षांच्या करारावर असते. हे सगळं त्यांना आधीच सांग. सरकारी अभियोक्ता किंवा न्यायाधीश होणं हीसुद्धा लोकसेवाच आहे, तेही मनात असू दे.

पण हे पुढचं. त्या माणसाचा खटला क्रमांक टिपून घेतला होतास ना? नसेल तर शिबिराच्या नोंदवहीत सापडेल. सोमवारी कोर्ट उघडलं की आधी तो शोध, आणि तो सुटला का ते मला कळव.