पावसाची झड आणि दीड वर्षाचं पोर

चि. मुली,

बेळगावजवळच्या खानापूरकडे पावसाची झड लागली की आठवडा-आठवडा परड्यात पाय टाकता येत नाही. पोराला हे कुठलं कळायला! ते सकाळी सहाला उठून चपला हातात घेऊन दाराशी उभं. त्याला दिवसभर कसं करमवायचं, असं तू विचारलंस. आमचं ऐकशील तर करमवायला जाऊच नकोस. या वयात एका गोष्टीत मन पाच-सात मिनिटं रमतं, फार तर दहा. वीस खेळ मांडलेस तर बाराच्या आत वीसही संपतील आणि पसारा तेवढा उरेल. बाहेर चारच वस्तू ठेव, बाकीच्या माळ्यावर. आठवड्याने बदललीस की जुनीच वस्तू त्याला नवी वाटते. खरी मेख आहे ती कुठली गोष्ट कधी काढायची यात.

सकाळी ओझं. सोप्यात एका बुट्टीत दोन किलो बटाटे आणि माजघरात दुसरी रिकामी बुट्टी. एकेक बटाटा तिकडे न्यायचा, मग परत आणायचा. मधे एक पाट आडवा ठेवलास की चढउतारही होते. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसाकाठी १८० मिनिटं हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते. ती अशी तुकड्यातुकड्याने घरातच होते. हिरवे पडलेले आणि कोंब फुटलेले बटाटे मात्र आधी वेचून काढ. ते विषारी असतात आणि पोर चावून बघणारच.

तू भाकरी थापत असताना त्यालाही गोळा हवा असतो. जोंधळ्याच्या पिठाचा देऊ नकोस. त्याला ताण नसतो, हातात घेतला की फुटतो आणि पोर चिडतं. कणकेचा दे, तेलाचा हात लावून, लिंबाएवढ्यापेक्षा मोठा. कच्चं पीठ पोटाला बरं नाही, म्हणून तोंडात घालायला लागलं की गोळा उचल, हातात भाजलेल्या भाकरीचा तुकडा दे.

तोंडात घालायची सवय सुटली, साधारण अडीच वर्षांनंतर, की टिकाऊ गोळा कर. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक चमचा तेल, अर्ध्या लिंबाचा रस. सगळं थंडच कालवून गुठळ्या मोड, मग मंद आचेवर ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत कढईची कड सोडून गोळा जमतो. निवल्यावर मळ. हाताला चिकटला तर कच्चा राहिलाय, पुन्हा आचेवर घाल. भेगा पडल्या तर जास्त आटलाय, ओल्या हाताने मळ. पावसात मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून उघडा राहिला की रात्रीत पाझरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकतो. काळा-हिरवा ठिपका दिसला की टाकून दे. हळदीचा रंग सुंदर येतो, पण भिंतीवरचा डाग जात नाही. मीठ इतकं असतं की मूठभर पोटात गेलं तर अपाय होतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव.

त्याहून सोपी माती. मण्णेत्तिन अमावास्येला, म्हणजे मातीच्या बैलांच्या सणाला, बैल घडवायला कुंभाराकडून आणतात तीच थोडी जास्त आण, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव. शेतातली नको, तीत शेणखत आणि जंत असतात.

पाण्याचा खेळ सकाळीच खर्चून टाकू नकोस. दिवेलागणीला पोरं किरकिरतात, तुझाही जीव थकलेला असतो. ती वेळ पाण्याची. न्हाणीत परात ठेव, दोन बोटं कोमट पाणी घाल, एक फुलपात्र, एक चाळण, एक स्पंज. पिळणं, ओतणं यात मात्र वीस मिनिटंही जातात. फुलपात्र भिरकावायला लागलं की खेळ संपला असं समज, न ओरडता परात उचल. फरशीवर गोणपाट अंथर, नाहीतर सांडलेल्या पाण्यावर घसरणारी पहिली तूच. आणि जागेवरून हलू नकोस, फोन वाजला तरी. दोन बोटं पाण्यातही मूल बुडू शकतं. न्हाणीतल्या बादल्या पालथ्या घालून ठेव.

आता जे द्यायचं नाही ते. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी, गुंजा. गुंजा तर विषारीच. वाटीतून वाटीत ओतायला कुणी जोंधळे देतं; तीन वर्षांखाली नको, ते नाका-कानात जातात. गेलाच एखादा दाणा तर पाणी-तेल घालू नकोस, ओलाव्याने तो फुगतो. पिनेने टोकरू नकोस, थेट डॉक्टरांकडे ने. रिमोटमधला गोल चपटा सेल गिळला किंवा नाकात गेला तर सकाळची वाट बघायची नाही. दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते.

मोबाईलचं म्हणशील तर दोन वर्षांपर्यंत नाहीच. पुढे दिवसाला तासाच्या आत, तोही शेजारी बसून. पाहुणे आले की घरातलेच कुणीतरी त्याच्या हातात देतात. त्यावर भांडू नकोस, त्यांच्याकडे बटाट्यांची बुट्टी दे.

शेजारच्या अज्जी आल्या तर पोराला त्यांच्या मांडीवर सोड. त्यांना कानडीत ‘ओंदु, एरडु’ मोजू दे, तू ‘एक, दोन’ मोज. दोन भाषांनी पोर गोंधळतं म्हणतात त्यात तथ्य नाही. अर्धा तास तुलाही मिळतो, त्यात जेवून घे.

तुझी,
मावशी