जिभाऊंना कसं सांगू?

ताई,
मी धरणगाव तालुक्यातला, वय ३६, बी.कॉम. नऊ वर्षांपासून कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब बघतो. पगार कागदावर २१ हजार. सिझन उतरला की दसऱ्यापर्यंत निम्माच हातात येतो, उरलेला 'नंतर'. तो नंतर अजून उगवलेला नाही. चार लोकांसमोर वाटेल ते बोलतात, रात्री अकराला फोन, रविवार नाही. पण शेठ, म्हणजे आमचे जिभाऊ, यांनी २०२१ मध्ये वडिलांच्या ऑपरेशनला एका शब्दावर १ लाख २० हजार काढून दिले. दरमहा ३ हजार कापून ते गेल्या वर्षी फिटले, तरी उपकार तो उपकार. आता रावेरकडे केळी निर्यात करणाऱ्या एका पॅकहाऊसमधून विचारणा आहे. कंपनी दोन वर्षांची, मालक तरुण, ३० हजार देतो म्हणतात. बोलणं तोंडीच झालंय. बायको म्हणते उद्याच सोडा. वडील म्हणतात, ज्याने जीव वाचवला त्याला भर सिझनमध्ये सोडून जाशील? जिभाऊंच्या कानावर नुसतं घातलं तर हसले, म्हणाले, 'तू ते घरना माणूस शे, तू कोठे जाशी?' पीएफचे १४ महिने भरायचे राहिलेत, पण ते कोणाचेच भरलेले नाहीत, ते जाऊ द्या. मला एवढंच सांगा, सोडू की नको?
— एक हिशेबनीस

भाऊ,

सोडा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. पण उद्या सोडू नका.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकाच जागी अडखळले. ओरडणं, निम्मा पगार, रात्रीचे फोन, हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत, आणि १४ महिन्यांचा पीएफ एका ओळीत उरकून 'ते जाऊ द्या' म्हणालात. हिशेब तुम्ही बघता. म्हणजे पगारपत्रकात कपात दाखवणारा हात तुमचा, आणि चलन न भरता फाईल बाजूला ठेवणाराही तुमचाच. प्रेसवरचा फिटर, गाठी उचलणारे हमाल, वॉचमन, हे विचारायला जिभाऊंच्या केबिनमध्ये जात नसतील. तुमच्याच टेबलाशी येत असतील. त्यांना तुम्ही काय सांगता?

मला हे ठाऊक आहे, कारण मी हे केलंय. जळगावात एका पतसंस्थेत मी सात वर्षं कॅशला बसले. मॅनेजरना आम्ही दादा म्हणायचो. शेवटची दोन वर्षं ठेवीदार यायचे, दादा काचेतून मान हलवायचे आणि मी म्हणायचे, 'पुढच्या सोमवारी या.' एक बाई मुलीच्या लग्नाची ठेव मागायला पाच-सहा सोमवार आली. बाकीचे शिव्या तरी द्यायचे. ही म्हणाली, 'माय, तू म्हनशी तवा येसू.' त्या रात्री मला घास गेला नाही. पुढे वर्षानुवर्षं मी सगळ्यांना सांगत आले की पगार थकला म्हणून नोकरी सोडली. पगार थकला होताच. पण मी सोडली ती त्या बाईमुळे, आणि सोडायला दोन वर्षं उशीर केला तो दादांमुळे. आमच्या इकडे मालकाला नात्याच्या नावाने हाक मारतात ना, तिथेच निम्मी गोची असते. राजीनामा साहेबाला देता येतो. दादाला, जिभाऊला कसा द्यायचा?

म्हणून 'घरना माणूस'चं आधी बघू. श्रावणात जिभाऊंच्या घरी कानबाई, आपली खान्देशची देवी, बसत असेल. दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं की रोटाच्या प्रसादाला कोण असतं? भाऊबंद. रोट बाहेरच्याला देत नाहीत. तुमचं पान पडतं का तिथे? नसेलच, आणि त्यात अपमान काही नाही, रीतच तशी आहे. भाऊबंदकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे जिभाऊंना पक्कं माहीत आहे. तुम्ही घरचे होता ते फक्त पगाराच्या तारखेला.

आता वडिलांचं. त्यांचा जीव वाचला, त्यांना तसंच वाटणार, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना फक्त आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आठवण द्या. शहरातल्या वाचकांना आखाजी म्हणजे झोके, गौराई, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस एवढंच आठवतं. पण खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, सालही आखाजीलाच बदलतं. शेतावर राबणारा, धन्याच्या घरातली भाकर खाणारा सालदारसुद्धा त्या दिवशी विचारू शकतो, यंदाचं साल किती, नाहीतर चाललो. उचल अंगावर असली तर ती फिटेपर्यंत अडकून पडतो. फिटली की मोकळा. त्याला कोणी हरामखोर म्हणत नाही. तुमच्या वडिलांनी सालदार पाहिलेले असतील, कदाचित ठेवलेही असतील. त्यांना विचारा, उचल फिटून वर्ष झालेला सालदार गेला तर तुम्ही त्याला अडवलं असतं का?

१ लाख २० हजार भागिले ३ हजार, ४० महिने. खातं शून्य झालंय. वेळेला धावून आल्याचं ऋण राहिलं, ते राहू द्या, मोठं आहे ते, आयुष्यभर राहो. पण ते पगाराच्या खात्यात घालू नका. तुम्ही हिशेबनीस आहात, एका खात्याची जमा दुसऱ्या खात्यात दाखवली तर ताळेबंद कधीच जुळत नाही हे मी तुम्हाला काय सांगायचं!

आता नवी नोकरी. इथे माझा उत्साह तुमच्या बायकोपेक्षा जरा कमी आहे. केळीचा धंदा मोठा आहे, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आखातात माल जातो, सगळं खरं. जिनिंगसारखा सहा महिन्यांनी भोंगा बंद होत नाही, हेही खरं. पण तो नाजूक धंदा आहे. मे-जूनच्या एका वादळात उभ्या बागा आडव्या होतात. कंटेनर बंदरात अडकला, १३-१४ अंशांचं तापमान हुकलं की पेटीतला माल पिकून बसतो आणि तिकडचा खरेदीदार हात वर करतो. दोन वर्षांच्या कंपनीने असा दणका पचवलाय का, हे बघायला हवं. गोड बोलणारा तरुण मालक मला घाबरवत नाही, पण भुलवतही नाही.

कसं बघायचं? एका रविवारी सावदा-रावेर करून या. तुमच्या धरणगावाहून सुरत लाईनची गाडी, भुसावळला बदलून खंडव्याकडची. पॅकहाऊसमध्ये नका जाऊ, आधी आसपासच्या केळीवाल्यांत बसा. कापणी झाल्यावर पैसे किती दिवसांत येतात, कापताना ठरलेला भाव वजनकाट्यावर बदलतो का, एवढंच विचारा. मग पेट्या भरणाऱ्या मजुरांना विचारा. केळीवाल्याचे पैसे अडकवणारा माणूस अकाउंटंटचा पगार वेळेवर देत नसतो. बाकीचं तुम्ही घरबसल्या पाहू शकता. जीएसटी क्रमांक टाकला की नोंदणी कधीची आणि रिटर्न नियमित भरतात का ते दिसतं. पीएफच्या वेबसाईटवर आस्थापना शोधली की कोणत्या महिन्याला किती लोकांचा भरणा झाला तेही दिसतं. नव्या कंपनीचं बघून झालं की त्याच जागी तुमच्या जिनिंगचं नाव टाका. स्वतःचंच काम बाहेरून कसं दिसतं ते एकदा बघून घ्या.

आणि ३० हजार म्हणजे काय, हे नीट विचारा. हातात ३० की कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरून ३०? मूळ पगार किती? तिकडे खोली घ्यावी लागेल, दर आठवड्याला येणं-जाणं होईल, दोन चुली पेटतील. वाढलेल्या ९ हजारांतले किती उरतात ते बायकोसोबत बसून मांडा. माझ्या अंदाजाने पहिलं वर्ष फारसं काही उरणार नाही. तरी जावं असं मला वाटतं, कारण बारा महिने पूर्ण पगार ही तुमच्यासाठी खरी वाढ आहे. कुटुंब आत्ताच हलवू नका. मुलं असतील तर शाळेचं वर्ष संपू द्या, जूनमध्ये बघा. नियुक्तीपत्र हातात पडेपर्यंत जिभाऊंपाशी आता आणखी एक शब्द काढायचा नाही. तोंडी बोलण्यावर आजवर कितीजण दोन्हीकडून लटकलेत, विचारू नका.

पण राजीनाम्याच्या आधी ते 'जाऊ द्या'चं काम. जिभाऊंना लेखी द्या, साध्या भाषेत, आरोप न करता: अमुक ते अमुक महिन्यांची कपात झाली आहे, भरणा बाकी आहे, आदेश द्यावा. तारीख घाला, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा, प्रत ठेवा. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत करायचा असतो. उशिराला १२ टक्के व्याज आणि वर दंड लागतो, आणि कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे न भरणं हा फौजदारी गुन्हा धरतात. हे जिभाऊंनाही कळतं. ते म्हणतील, 'सिझनला भरू.' म्हणू द्या. तुमचा कागद गेलेला असला पाहिजे. जबाबदारी मालकाची असते, पण उद्या चौकशी आली तर हिशेबनिसाने तोंड उघडलं होतं की नाही, हेही कोणीतरी विचारेलच.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. प्रत्येक कामगाराला त्याचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि मोबाईलवर पासबुक कसं उघडायचं ते दाखवा. आधारला जोडलेला मोबाईल नंबर जुना झाला असेल तर आधी तो बदलायला सांगा, तिथेच बहुतेकांचं अडतं. दुपारच्या डब्याच्या सुट्टीत दोघा-दोघांना घेतलंत तरी पंधरवड्यात सगळे होतील. पुढे तक्रार करायची की नाही हे ते ठरवतील. तुम्ही गेल्यावर त्यांच्यासाठी आकडा वाचणारं तिथे कोणी नसेल.

तुमचं स्वतःचं थोडं. नवीन ठिकाणी गेल्यावर जुना पीएफ काढू नका, बदली करून घ्या. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि तुम्ही नवव्या वर्षात काठावर उभे आहात. चार पैसे दिसले म्हणून काढले तर ती वर्षं गेली. नोकरी सोडल्याची तारीख जिभाऊंनी टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाच ती टाकता येते. आणि ग्रॅच्युइटी! पत्रात तिचा उल्लेखही नाही. पाच वर्षांवर सेवा झाली की ती तुमची, १९७२ च्या कायद्यापासूनचा हक्क आहे तो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा १४ हजार असेल, तर गुणिले १५, भागिले २६, गुणिले ९ वर्षं: साधारण ७२ हजार ७०० रुपये. जिभाऊ 'बक्षीस' म्हणून पाच-दहा हजारांचं पाकीट पुढे करतील, ते याच्या बदल्यात घेऊ नका. सिझनबाहेरच्या निम्म्या पगाराची यादी करून ठेवा, मागा, पण त्यावर घराचं बजेट बसवू नका.

सांगायचं कधी? तुमचं पत्र माघातलं आहे. आवक उतरणीला लागली की महिनाभराची नोटीस द्या, म्हणजे मार्चअखेरचं तुमच्या हातून होईल आणि वडिलांचा 'भर सिझन'चा आक्षेपही राहणार नाही. त्यापुढे मात्र थांबू नका. ऑडिट होऊ दे म्हणतील, ते सप्टेंबरपर्यंत चालतं. मग दसरा येतो आणि पहिली कापसाची गाडी दारात उभी राहते. हिशेबनिसाच्या कॅलेंडरमध्ये सोडण्यासारखा रिकामा महिना नसतो.

जिभाऊंना सकाळी, एकटे असताना भेटा. 'जिभाऊ, मला रावेरकडे काम मिळालंय, महिनाभर सगळं नीट लावून देतो आणि मग जातो.' एवढंच. नऊ वर्षांची गाऱ्हाणी त्या दिवशी काढलीत तर ते एकेकाचं उत्तर देत बसतील आणि तुम्ही बसून राहाल, मला तुमचा स्वभाव पत्रातूनच कळतोय. ओरडले तर ओरडू द्या. पगार वाढवतो म्हणाले तर विचारा, १४ महिन्यांचं चलन आज भरायचं का? राजीनाम्याच्या प्रतीवर पोच घ्या. टॅलीचा बॅकअप, जीएसटीचे पासवर्ड, चेकबुकं, डिजिटल सही, सगळं यादी करून सोपवा आणि यादीवर सही घ्या. त्यांचा एकही कागद घरी नेऊ नका, तुमची पगारपत्रकं आणि तुमची पत्रं सोडून.

मग आखाजीला वडिलांना घेऊन जिभाऊंच्या घरी जा. सोबत गावच्या आंब्यांची पाटी न्या, वडिलांना त्यांच्या तोंडाने आभार मानू द्या, बसा, पाणी घ्या. त्या दिवशी पैशाचा विषय काढायचा नाही. ग्रॅच्युइटीचा अर्ज दुसऱ्या दिवशी, स्पीड पोस्टाने.

तुमची,
ताई